निघण्याआधीची वही

माझ्या भावाची मुलगी गेल्या सप्टेंबरात, गणपतीचे विसर्जन झाल्यावर, जर्मनीला शिकायला गेली. त्याआधीचे जवळजवळ आठ महिने दर रविवारी सकाळी ती, दादा, वहिनी आणि मी असे चौघे बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर एक दोनशे पानी वही मध्ये ठेवून बसत होतो. ज्याला जो प्रश्न सुचेल तो त्याने आपल्या हाताने डाव्या पानावर लिहायचा आणि उत्तर खात्रीने मिळाल्यावरच उजव्या पानावर उतरवायचे, एवढाच नियम होता. ऐकीव उत्तर, कुणाच्या तरी मावसभावाचा अनुभव किंवा मोबाईलवर आलेला संदेश उजव्या पानावर चालत नसे. पहिल्या रविवारी दादाने पहिल्या पानावर लिहिले, "एकूण किती लागतील?" आणि तो पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहू लागला.

वहीची कल्पना माझी होती आणि तिला एक कारण आहे. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत एकतीस वर्षे नोकरी केली आणि त्यातली शेवटची नऊ वर्षे शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर काढली. बडोद्यात परदेशी शिकायला जाणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. ज्या गल्लीत एका घरातून अमेरिका, दुसऱ्यातून कॅनडा आणि तिसऱ्यातून ऑस्ट्रेलिया झालेले नाही अशी गल्ली शोधावी लागेल. माझ्यासमोर मुलगा किंवा मुलगी प्लॅस्टिकच्या फोल्डरात प्रवेशपत्र घेऊन बसत असे, शेजारी वडील, आणि खुर्च्या दोनच असल्यामुळे आई मागे उभी. त्यांचे प्रश्न ठरलेले असत. व्याजदर किती, मंजुरीला किती दिवस, आणि घराचे कागद परत कधी मिळणार. मी तिन्ही प्रश्नांची नीट उत्तरे देत असे, आणि आपले काम झाले असे मला प्रामाणिकपणे वाटत असे.

मांडवीजवळच्या एका पोळमध्ये, म्हणजे जुन्या दाट वस्तीच्या गल्लीत, राहणारे एक निवृत्त शिक्षक होते. मुलाला इंग्लंडमध्ये एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला पाठवण्यासाठी त्यांनी राहते घर तारण ठेवले होते. मुलगा शिकला, पुढे दीड वर्ष नोकरीसाठी धडपडला आणि परत आला. कर्जाचा हप्ता वडिलांच्या निवृत्तिवेतनातून जाऊ लागला, त्या महिन्यात ते माझ्याकडे आले. आवाज न चढवता, पासबुक टेबलावर ठेवून त्यांनी विचारले, "ताई, मुलगा शिकत असतानाही व्याज चालू असतं, हे मला कळलं नव्हतं हो." ते कागदावर होते, त्यांनी सही केली होती त्याच पानावर, सहीच्या वरच्या परिच्छेदात होते. ते मोठ्याने वाचून दाखवायला मला दोन मिनिटे लागली असती आणि मी ती दिली नव्हती. त्या माणसाचे स्वच्छ, इस्त्री केलेले बाह्यांचे काठ मला अजून दिसतात. माझ्या भावाच्या घरात तरी असे होऊ द्यायचे नाही, हे मी तेव्हाच ठरवले होते, भाची तेव्हा शाळेत होती.

म्हणून दादाच्या पहिल्या प्रश्नासमोर मी आकडा लिहिला नाही. मी त्याला एक हिशेब मांडायला लावला. समजा वीस लाखांचे कर्ज घेतले आणि व्याज दहा टक्के आहे. शिक्षणाची दोन वर्षे आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही, यालाच बँकेच्या भाषेत मोरेटोरियम म्हणतात, आणि लोक त्याला सवलत समजतात. या काळात सरळव्याजाने वर्षाला दोन लाख चढतच असतात. रक्कम टप्प्याटप्प्याने उचलली तर थोडे कमी, पण तीन वर्षांनी मुद्दल आणि व्याज मिळून २६ लाखांच्या आसपास आकडा उभा राहतो आणि हप्ता त्या आकड्यावर बसतो. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण ३४ हजार ४०० रुपये, पंधरा वर्षांत फेडायचे तर २८ हजारांच्या जवळपास. शिक्षण चालू असतानाच दरमहा फक्त व्याज भरत राहिले तर हा डोंगर वाढत नाही, आणि ज्या घरात एक पगार चालू आहे त्याने तो मार्ग धरावा असे माझे स्पष्ट मत आहे. दादाने वहीत २८ हजारांच्या आकड्याभोवती चौकट केली. मग तो म्हणाला, "म्हणजे ती परत आली आणि इथं नोकरी धरली, तर हा हप्ता तिच्या पगारात बसला पाहिजे." मी जो प्रश्न नऊ वर्षांत कोणत्याही वडिलांच्या तोंडून ऐकला नव्हता तो हाच होता. तिथल्या पगारातून कर्ज फेडता येईल, हे सगळेच धरून चालतात. इथल्या पगारातूनही ते फेडता आले पाहिजे, अशा मापाचे कर्ज फार थोडे लोक घेतात.

जर्मनीचा विचार सुरू झाला तो या चौकटीमुळे. भाचीने बडोद्याच्याच विद्यापीठातून, जुन्या कलाभवनाच्या आवारात, रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेतली आहे. तिच्या बरोबरीच्या मुलांना शहरातल्या सल्लागारांनी मुख्यतः इंग्लंड, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाची नावे सुचवली. सल्ला फुकट असतो, कारण मुलाने प्रवेश घेतल्यावर त्या देशातली विद्यापीठे अशा संस्थांना दलाली देतात. यात बेकायदा काही नाही, पण ज्या विद्यापीठाकडून दलाली मिळत नाही त्याचे नाव त्या यादीत आपणहून येण्याची शक्यता कमी असते, हे पालकांना माहीत असले पाहिजे. जर्मनीतली बहुसंख्य सरकारी विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांकडूनही शिकवणीची फी घेत नाहीत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात, आणि 'जर्मनीत शिक्षण फुकट' असे सांगणारे लोक हे सांगायला विसरतात.

फुकट हा शब्द मी वहीत खोडायला लावला. विद्यार्थी व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाइतके पैसे एका गोठवलेल्या खात्यात आधी ठेवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. युरो शंभर रुपयांच्या घरात धरला तर हे बारा लाख होतात, आणि ते एकदम उभे करावे लागतात. तिथे गेल्यावर त्यातून दरमहा ९९२ युरोच हाती येतात, त्याहून अधिक काढता येत नाहीत. शिवाय आपल्या पदव्या आणि गुणपत्रके खरी आहेत याचे एपीएस नावाचे प्रमाणपत्र १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना सक्तीचे झाले आहे. त्याची फी अठरा हजार रुपये, आणि त्याला लागणारा वेळ फीपेक्षा महत्त्वाचा, कारण त्यावाचून पुढचे काहीच हलत नाही. विद्यापीठातून सगळ्या सत्रांच्या गुणपत्रकांच्या प्रती शिक्क्यासह मिळवण्यात भाचीचे तीन आठवडे गेले. ज्यांना पुढच्या वर्षी जायचे आहे त्यांनी या कामाला आजच लागावे.

दरमहा ठरावीक रक्कम हा प्रकार वाचून मला आमच्या शहराच्या इतिहासातला एक कागद आठवला. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली, ती दरमहा साडेअकरा पौंड अशी, तीन वर्षांसाठी. तिच्याबरोबर एक करारनामा होता आणि शिक्षण पुरे झाल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याची अट त्यात होती. पुढे लंडनमधला अभ्यास अर्धा असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना परत यावे लागले. करारातली त्यांची बाजू पाळायला ते त्याच वर्षी बडोद्याला आले. तेव्हा या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. ज्या पारशी धर्मशाळेत ते उतरले होते तिथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले, आणि कमाटी बागेतल्या झाडाखाली त्यांनी काढलेल्या त्या दिवसाची आठवण म्हणून ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. लंडनचा अभ्यास पुरा करायला त्यांना १९२० मध्ये स्वतःच्या बचतीवर, शाहू महाराजांच्या मदतीवर आणि मित्राकडून घेतलेल्या कर्जावर पुन्हा जावे लागले. मी या शहरात जन्मले आणि वाढले आहे, आणि हे लिहिताना मला शरम वाटते. पाठवणाऱ्याने पैशाच्या आणि नोकरीच्या अटी काटेकोर लिहिल्या होत्या, पण परत आलेल्या माणसाने राहायचे कुठे, याची तजवीज कोणीच केली नव्हती.

भाचीला मी संकल्पभूमीवर घेऊन गेले. तिने परत येऊन वहीत लिहिले, "परत आले तर?" त्या प्रश्नासमोरचे उजवे पान पाच रविवार कोरे राहिले. आपल्या घरांमध्ये या प्रश्नाला अपशकुन समजतात. वहिनीने तर पहिल्या दिवशी वही मिटूनच टाकली. शेवटी जे ठरले ते असे, की परतीच्या विमानाच्या तिकिटाइतकी एक मुदत ठेव भाचीच्या नावाने वेगळी करायची आणि ती दुसऱ्या कशालाही मोडायची नाही, आणि ती कोणत्याही कारणाने परत आली तर पहिले सहा महिने तिला त्याबद्दल कोणीही प्रश्न विचारायचा नाही. दुसरी अट दादाने स्वतः लिहिली. मुले परक्या देशात अडचणीत असूनही घरी कळवत नाहीत, त्याचे कारण मी टेबलापलीकडून पाहिले आहे. घर तारण ठेवून ज्याला पाठवले आहे त्याला 'मला जमत नाही' हे वाक्य उच्चारताच येत नाही.

आणि न जमण्याचे प्रसंग तिथे आहेत. जर्मनीतल्या बऱ्याच विद्यापीठांत एकाच विषयाची परीक्षा देण्याच्या संधी मोजक्या, पुष्कळ ठिकाणी तीनच असतात. शेवटची संधी हुकली की त्या अभ्यासक्रमातून नाव कमी होते, आणि तोच अभ्यासक्रम देशातल्या दुसऱ्या विद्यापीठात घेणेही अवघड होऊन बसते. आपल्याकडे एटीकेटीची सवय झालेल्या मुलांना हा नियम ठाऊक नसतो. अभ्यासक्रमाचे परीक्षानियम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असतात, अनेकदा फक्त जर्मनमध्ये. भाचीने प्रवेश स्वीकारण्याआधी तिच्या जर्मनच्या शिकवणीच्या बाईंबरोबर बसून ते पुरे वाचून काढले. मला वाटते, आठ महिन्यांतले सर्वात मोलाचे काम तेच होते.

कमाईबद्दलही घरात गैरसमज होते. "तिथं काम करून मुलं आपला खर्च काढतात," हे वाक्य वहिनीने तीन ठिकाणी ऐकले होते. जर्मनीत युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते, २०२४ च्या मार्चपूर्वी ही मर्यादा १२० आणि २४० होती. कायद्याने दिलेली ही मुभा आहे, काम मिळण्याची हमी नाही, आणि लहान शहरात जर्मन बोलता येत नसेल तर दुकानात किंवा उपाहारगृहातसुद्धा काम मिळणे कठीण जाते. म्हणून आम्ही पहिल्या वर्षाच्या हिशेबात कमाईच्या रकान्यात शून्य लिहिले. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी भाचीने इथूनच जर्मन शिकायला सुरुवात केली, ती याच शून्यामुळे. पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिन्यांचा परवाना मिळतो, पण मुलाखत ज्या भाषेत होते ती भाषा अठरा महिन्यांत नव्याने शिकणे आणि नोकरीही शोधणे ही दोन्ही कामे एका वेळी होत नाहीत.

पहिल्या महिन्याच्या पानावर आम्ही सर्वात जास्त वेळ घालवला. गोठवलेल्या खात्यातले पैसे तिथल्या बँकेत खाते उघडल्यावरच येऊ लागतात. राहायला गेल्यावर साधारण दोन आठवड्यांत नगरपालिकेत नोंदणी करावी लागते आणि तिला घरमालकाच्या सहीचे पत्र लागते. म्हणजे पक्की खोली मिळाली नसेल तर या साखळीतली पहिली कडीच बसत नाही. त्यात घरमालक तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी अनामत मागू शकतो, आरोग्यविम्याचे महिन्याला १४० ते १५० युरो सुरू होतात, आणि घरात दूरदर्शन संच असो वा नसो, प्रसारणशुल्क म्हणून दर घरामागे १८.३६ युरो महिन्याला द्यावे लागतात. एका घरात चौघे राहत असतील तर ते चौघांत मिळून एकदाच भरायचे असते, हेही विचारून ठेवावे. भाचीच्या गळ्यातल्या पाकिटात आम्ही दोन महिने पुरतील एवढे पैसे प्रवासी कार्डावर आणि थोडे रोख दिले. तिचे गोठवलेले पैसे पाचव्या आठवड्यात सुरू झाले.

बँकेतल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी काही गोष्टी आठवून दिल्या त्या इथे नोंदवते, कारण त्या कोणी सांगत नाही. शिकायला परदेशी गेलेला विद्यार्थी परकीय चलनाच्या कायद्यानुसार अनिवासी धरला जातो, तेव्हा त्याचे इथले साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. आधारला आणि बँकेला जोडलेला मोबाईल क्रमांक बंद पडला की ओटीपी येत नाही आणि मग इथले कोणतेही काम तिथून करता येत नाही. म्हणून तो क्रमांक रोमिंगसह चालू ठेवावा. कर्जाचा पुढचा टप्पा उचलताना सही लागते, त्यासाठी आईवडिलांपैकी एकाच्या नावाने मुखत्यारपत्र निघण्याआधीच करून ठेवावे. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या पैशावर एप्रिल २०२५ पासून टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच कापला जाणारा आगाऊ आयकर, कापला जात नाही. फेडताना भरलेल्या व्याजाला आयकरात आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, मात्र जुनी करप्रणाली निवडली असेल तरच.

सामानाबद्दल मी फारसे लिहीत नाही. कुकर, भाजणी आणि मेतकूट प्रत्येक घर आपापल्या परीने भरते. फक्त मूळ प्रमाणपत्रे मोठ्या बॅगेत ठेवू देऊ नका. १९१७ मध्ये बाबासाहेब परत येत असताना त्यांची पुस्तके आणि सामान दुसऱ्या जहाजाने येत होते आणि ते जहाज पाणतीराने बुडाले. भाचीने ही गोष्ट संकल्पभूमीवर ऐकली होती. निघायच्या आदल्या रात्री, वहिनी बॅग वजनकाट्यावर ठेवत असताना, तिने आपणहून फोल्डर बाहेर काढला आणि पाठीवरच्या पिशवीत घातला.

वहीतली १८७ पाने भरली. शेवटचा प्रश्न दादाचा आहे, ऑगस्टच्या अखेरीस लिहिलेला. त्याला दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे. त्याचे अक्षर मोठे आणि उभे असते, या पानावर ते लहान आले आहे. "मी आजारी पडलो तर तिला कळवायचे का?" उजव्या पानावर भाचीने लिहिले, "त्याच दिवशी. लपवलंत तर मी कधीच विश्वास ठेवणार नाही." त्याखाली वहिनीने लिहिले आहे, "परीक्षा चालू असेल तर नाही." दोघींपैकी कोणीही आपले उत्तर खोडले नाही. मी त्या पानावर काही लिहिले नाही. वही आता माझ्या कपाटात आहे, आणि गेल्या रविवारी शेजारच्या घरातला मुलगा ती वाचायला मागून घेऊन गेला.